विश्लेषण : जुन्या मोटारीतला मधूनच येणारा आवाज कसा शोधतात?

गाडी गॅरेजमध्ये नेली की आवाज बंद आणि घरी परतताना पहिल्याच वळणावर पुन्हा सुरू, हा अनुभव जुनी मोटार सांभाळणाऱ्या बहुतेकांना येतो. अशा आवाजामागे सायलेन्सरचा सैल झालेला क्लॅम्प असू शकतो किंवा तुटण्याच्या बेतात आलेले चाकाचे बेअरिंगही. उत्पादन बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग अंदाजाने बदलत राहणेही परवडत नाही. मग हा आवाज शोधायचा कसा?

पद्मिनीचे उदाहरण का?

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट 1100 या इटालियन मोटारीवर आधारित गाड्या तयार होत. त्याच मालिकेतल्या गाडीला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मध्ये झाली होती. टॅक्सीसाठी असलेली 20 वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून हटली. हौशी मालकांकडे मात्र या गाड्या आजही आहेत. पुढे 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागे पाट्यांची स्प्रिंग, अशी तिची साधी रचना. आधुनिक गाडीत स्कॅनर जोडला की निदान बऱ्याच वेळा बिघाडाच्या कोडपासून सुरू होते. येथे ती सोय नाही. कान, हात आणि निरीक्षण यांवरच काम भागवावे लागते.

आवाज सतत का येत नाही?

कारण बिघाड कायम असला तरी तो बोलका होण्यासाठी विशिष्ट परिस्थिती लागते. तापमान, इंजिनवरचा भार, वेग, वळण, रस्ता आणि ओलावा हे त्यातले मुख्य घटक. उदाहरणार्थ, इंजिन आणि एक्झॉस्टच्या जोडावरील गॅस्केट थोडे फुटले असेल तर थंड इंजिनात टकटक ऐकू येते. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज थांबतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असेल तर उलट घडते. थंड, घट्ट ऑइल तो आवाज दाबून ठेवते आणि गाडी तापून ऑइल पातळ झाले की ठोका सुरू होतो.

गॅरेजमध्ये आवाज न येण्याचे एक कारण येथेच सापडते. तिथे पोहोचेपर्यंत इंजिन तापलेले असते. सकाळचा पहिला आवाज मेकॅनिकला ऐकवायचा असेल, तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवावी आणि सकाळी त्याच्यासमोर सुरू करावी.

नोंद कशाची ठेवावी?

‘गाडी वाजते’ एवढ्याने मेकॅनिकला काहीच कळत नाही. गाडीत एक वही ठेवून प्रत्येक वेळी सहा गोष्टी लिहिल्यास चित्र स्पष्ट होते. इंजिन थंड होते की गरम, वेग किती होता, गिअर कोणता होता, पाय ॲक्सिलरेटरवर होता की ब्रेकवर, गाडी सरळ होती की वळत होती आणि रस्ता कसा होता. आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांत समान काय आहे हे दिसू लागते. आवाज न आलेल्या फेऱ्यांची नोंदही तितकीच महत्त्वाची, कारण तिच्यामुळे बरेच संशयित बाद होतात.

पहिली चाचणीही सोपी आहे. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, सीटखालची बाटली हे सारे बाहेर काढून एक फेरी मारावी. आवाज गेला तर पुढचा खर्च वाचला.

आवाजाच्या गतीवरून काय कळते?

गाडीतले भाग वेगवेगळ्या गतीने फिरतात. ताशी 36 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 10 मीटर जाते. चाकाचा परीघ दोन मीटरच्या आसपास धरला, तर चाक सेकंदाला सुमारे पाच फेरे घेते. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. त्यामुळे या वेगाला मोजता येईल असा ‘ठक-ठक’ आवाज चाकाकडे बोट दाखवतो, तर सलग घुमणारी थरथर शाफ्टकडे.

गाडी उभी असताना इंजिनची गती वाढवल्यावर तोच आवाज आला, तर चाके आणि शाफ्ट दोन्ही संशयातून सुटतात. मग इंजिनाच्या आवाजातही फरक करता येतो. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून सैल टॅपेटची टिकटिक हलकी आणि सावकाश असते. बेअरिंगचा ठोका जड, खोल आणि दुप्पट वेगाचा असतो.

चाचण्या कोणत्या?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा मूळ नियम. गाडी उभी आणि न्यूट्रलमध्ये असताना क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर जातो. दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सवर. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग आधी तपासावे.

पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. ते डुगडुगले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर डुगडुग थांबली तर बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर किंगपिनची झीज शोधावी. फॅन बेल्टच्या चिरचिरीवर पाण्याचे चार थेंब टाकून आवाज बदलतो का, हे पाहता येते. इंजिनातील आवाजाची जागा शोधायला मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतात. हे करताना पंखा आणि बेल्टपासून हात, केस आणि कपडे दूर ठेवायलाच हवेत. गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये. पक्के स्टँड लावावेत.

गाडी लगेच कधी थांबवावी?

काही आवाज वहीत नोंदवत बसण्याचे नसतात. ऑइल प्रेशरचा दिवा लागून इंजिनातून जड ठोका येऊ लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. त्यानंतरचे काही किलोमीटर क्रँकशाफ्ट निकामी करू शकतात. ब्रेक दाबल्यावर धातू घासल्याचा आवाज, वाढत्या घरघरीसोबत हाताला गरम लागणारा चाकाचा हब, वळताना कटकट होऊन स्टीअरिंग सैल वाटणे किंवा गाडीच्या मध्यभागी खालून आपटल्यासारखे धक्के, यांपैकी काहीही असेल तर गाडी चालवत गॅरेज गाठू नये. टो करून न्यावी.

अंदाजाने भाग बदलण्यात धोका काय?

पहिला धोका पैशांचा, दुसरा पुरावा नष्ट होण्याचा. एकाच दिवशी बेअरिंग, बुश आणि माउंटिंग बदलले आणि आवाज थांबला, तर दोष कशात होता हे कळत नाही. महिन्याने तो परतला की शोध पुन्हा शून्यापासून.

तिसरा धोका गाडीच्या मूळपणाचा. केंद्राच्या 2021 मधील नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या मोटारींची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, पण गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. नुसत्या टकटकीला कंटाळून दुसरे इंजिन बसवले, तर पुढे ते महागात पडू शकते.

दुरुस्तीनंतरची फेरीही त्याच रस्त्याने, त्याच वेगाने आणि इंजिन तितकेच थंड किंवा गरम असताना मारावी. ज्या परिस्थितीत आवाज हमखास येत होता, तिथे तो आला नाही, तरच दोष सापडला असे म्हणता येते.