बाटलीवर चाललेली पद्मिनी

जुनी गाडी सुरू होत नाही म्हटलं की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. बॉनेट उघडलं की तोच समोर दिसतो, चार स्क्रू काढले की उघडतो, आणि त्याचं किट बाजारात मिळतं. पण प्रीमियर पद्मिनीत पेट्रोल निघतं ते पार मागच्या टाकीतून. तिथून गाडीच्या पोटाखालच्या धातूच्या पाइपातून, मग रबरी नळीतून, पंपातून, आणि शेवटी कार्बोरेटरला. वाटेत कुठेही अडलं तरी ठपका बसतो तो या शेवटच्यावर.

मी ज्या गाडीची दुरुस्ती जवळ उभं राहून पाहिली, ती ऐंशीच्या दशकातली, १०८९ सीसी इंजिनाची. पुण्यातल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये दोन पावसाळे झाकून ठेवलेली. आधीच्या गॅरेजने कार्बोरेटरचं किट बदललं होतं, मग पुन्हा बदललं होतं. आता सेल्फ मारला की इंजिन जोमात फिरायचं, पेटायचं मात्र नाही. घरच्यांनी ज्या मिस्त्रींना बोलावलं त्यांची उमेदवारी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर झालेली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात कायमच्या गेल्या. हे इंजिन आवाजावरून ओळखणारी माणसंही त्याआधीपासून कमी होत आली आहेत.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी मालकांना एकच प्रश्न विचारला. “काका, शेवटची बंद पडली तेव्हा आचके खात पडली, की एकदम?”

“आचके खात. थोडी पळाली, मग दम सोडला.”

या उत्तरात अर्धं निदान होतं. करंट गेला तर गाडी बहुधा दिवा मालवावा तशी एका क्षणात बंद पडते. पेट्रोल कमी पडलं तर ती ओढत, अडखळत थांबते. तरीही मिस्त्रींनी गृहीत काही धरलं नाही. एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. निळी, टणक ठिणगी पडली. म्हणजे कॉईल, पॉइंट आणि डेल्को, सगळं काम करत होतं. ही तपासणी त्यांनी पेट्रोलची एकही नळी सोडवण्याआधी उरकली. उघडं पेट्रोल आणि ठिणगी ते एका वेळी कधीच जवळ येऊ देत नाहीत. प्लगचं टोक त्यांनी बोटाने पुसून पाहिलं. कोरडं. एवढा सेल्फ मारूनही प्लग ओला नाही, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नव्हतं. ओला निघाला असता तर गाडी ‘ओव्हर’ झालेली असती आणि शोध उलट्या दिशेने गेला असता.

मग एअर क्लीनर उतरवला. कार्बोरेटरच्या घशात बघत त्यांनी हाताने थ्रॉटल उघडला. फ्लोटच्या वाटीत पेट्रोल असेल तर अशा वेळी आत बारीक धार उडते. काही उडालं नाही. वाटी रिकामी होती.

इथे पुष्कळ जण कार्बोरेटर उतरवतात. मिस्त्रींनी पिशवीतून एक बाटली काढली. बुडाजवळ तोटी बसवलेली, तिला हातभर नळी. ताजं पेट्रोल भरून ती बॉनेटच्या कडीला उंच टांगली आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली. पंप नाही, टाकी नाही, पाइप नाही. वाटी भरेपर्यंत थांबले, चोक ओढला, सेल्फ मारला. इंजिन खोकलं आणि लागलं. चोक हळूहळू आत ढकलला तशी आयडलिंगही स्थिर झाली. दोनदा किट बदललेला कार्बोरेटर निर्दोष ठरला. वर्कशॉपमध्ये कितीही महागडी यंत्रं येवोत, या तपासणीइतकी चोख गोष्ट मी पाहिलेली नाही. एका टांगलेल्या बाटलीने सगळ्या यंत्रणेचे दोन भाग झाले, आणि दोष कुठल्या भागात नाही ते कळलं.

आता उरला मागचा भाग. मिस्त्रींनी इंजिनाची ऑइलची पट्टी काढून तिचा वास घेतला. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल झिरपून ऑइलमध्ये उतरतं. तसा वास नव्हता. कॉईलची वायर काढून ठेवली, पंपातून निघणारी नळी काचेच्या बरणीत सोडली आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. कॅमशाफ्टवर चालणारा हा पंप जोरकस, तुटक धारा मारतो. बरणीत आले ते बुडबुडे आणि मध्येच पेट्रोलची एखादी चूळ.

बुडबुडे म्हणजे पंप हवा ओढत होता. पंपाच्या पुढच्या बाजूला गळती असेल तर पेट्रोल बाहेर टपकतं, वास येतो, जमिनीवर डाग पडतो. मागच्या बाजूला मात्र ओढ असते. तिथे चीर पडली तर बाहेर थेंब दिसेलच असं नाही. हवा आत जाते आणि पंप रिकामाच हापसत राहतो. म्हणून हा दोष डोळ्यांना सापडत नाही. मिस्त्रींनी पंपाकडे येणारी वीतभर रबरी नळी काढली. वरून धड दिसत होती. ब्लेडने उभी चिरल्यावर आतलं रबर फुगून पोकळी निम्मी झालेली आणि क्लॅम्पखाली केसासारखी भेग.

रबर असं आतून फुगण्यात आताच्या पेट्रोलचाही हात असतो. २०२५पर्यंत देशभर वीस टक्के एथेनॉलचं मिश्रण पंपांवर आलं. त्यातलं बरंच आपल्याच उसाचं. माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण पद्मिनीच्या जुन्या रबराने एथेनॉल कधी पाहिलेलं नव्हतं. एथेनॉल हवेतली ओल धरतं, टाकीतला जुना चिकटा सोडवून पुढे पाठवतं. शिवाय पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, एथेनॉलला नऊ पट. म्हणून त्याच जेटमधून तेवढंच मिश्रण गेलं तर ते थोडं पातळ पडतं आणि थंड इंजिन लागायला कुरकुरतं. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. एक पायरी मोठा जेट टाकावा का, असं मालकांनी विचारलं. “आधी नळी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरी झाली ते कळत नाही,” मिस्त्री म्हणाले.

टाकी उतरवावी लागलीच. आतून निघालं ते गडद, चहासारखं, जुन्या व्हार्निशच्या वासाचं. बरणीत ठेवल्यावर तळाशी वेगळा थर आणि गंजाची पूड. टाकी धुऊन वाळवली, मागचा पाइप दोन्ही टोकं सोडवून उलट्या दिशेने हवा मारून साफ केला. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं छिद्रही बघितलं. ते बुजलं तर पेट्रोल जसजसं कमी होतं तसतशी आत पोकळी तयार होते आणि थोडं चालून गाडी अशीच दम सोडते. नवीन नळी त्यांनी एथेनॉलला टिकणारी, एसएई जे३० आर९ छापलेली आणली. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवला, म्हणजे कचरा आणि बुडबुडे दोन्ही डोळ्यांना दिसावेत. पंपाची छोटी दांडी हाताने हलवून फिल्टर भरला, आणि या वेळी गाडी स्वतःच्या टाकीवर लागली. ती तापेपर्यंत चालू ठेवून मिस्त्रींनी सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले.

जाताना त्यांनी काकांना दोन गोष्टी सांगितल्या. दर आठवड्याला गाडी नुसती सुरू करून बंद करू नका, चांगली तापेपर्यंत फिरवून आणा. आणि पावसाळाभर उभी ठेवायची झालीच तर टाकी रिकामी करून, वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच झाका.