तिसऱ्या क्षणाचे अध्यापक

शिप्रेच्या तीरी, कालभैरवाच्या सान्निध्यात वसलेले भैरवगड आज तेथील तुरुंगामुळे आणि बाटिकच्या कापडामुळे ओळखले जाते. परंतु ज्या उज्जयिनीचे ते उपांग आहे, तेथे कोतवालीच्या चाकरीतील माधवरावांच्या घरी वाढलेले आणि पुढे लेखनविद्येचे थोर अध्यापक ठरलेले गजानन माधव मुक्तिबोध मराठी वाचकांच्या परिचयाचे असावेत तितके नाहीत, याची खंत वाटते.

पूर्वजांनी जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानचा आश्रय घेतला. तेथल्या श्योपूरला १३ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची भाषा मराठी असूनही त्यांनी हिंदीत लिहिले. बडनगर, शुजालपूर, उज्जैन येथील शाळांत तुटपुंज्या वेतनावर शिकवीत असतानाच, १९४३ साली, 'तार सप्तक' या संग्रहातील सात कवींत त्यांची गणना झाली. पुढे नागपुरास माहिती खात्याची व आकाशवाणीची नोकरी आणि 'नया खून' साप्ताहिकाचे काम करून १९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

मात्र त्यांचे खरे अध्यापन वर्गाच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकातील 'तीसरा क्षण' या निबंधात, केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या संवादातून, निर्मितीचे तीन क्षण त्यांनी उलगडून दाखविले आहेत. जीवनाचा उत्कट अनुभव हा पहिला क्षण; तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून विलग होऊन, जणू डोळ्यांपुढे उभी राहिलेली एक 'फँटसी' बनतो, तो दुसरा; आणि तिला शब्दरूप देण्याची प्रक्रिया सुरू होऊन पूर्णत्वास जाते, तो तिसरा. या अखेरच्या क्षणाचे त्यांनी केलेले विवेचन मला अपूर्व वाटते. भाषा ही समाजाची ठेव असल्यामुळे शब्द आपले पूर्वसंचित अर्थ घेऊन येतात आणि मूळ कल्पनाचित्रालाच बदलतात. भैरवगडचा कारागीर कापडावर मेणाने नक्षी आखतो, पण मेणाला पडलेल्या भेगांतून रंग आत शिरून त्याने न आखलेल्या रेषाही कापडावर उमटतात, तसेच हे आहे. म्हणूनच लिहिताना आपणच बदलत जातो हे मान्य करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याला हा क्षण साधत नाही. स्वतः मुक्तिबोध एकेका दीर्घ कवितेवर वर्षानुवर्षे पुनर्लेखनाचे कष्ट उपसत राहिले, ते याच निष्ठेपोटी.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत लिहिले, नागपुरास अध्यापन केले, 'क्षिप्रा' ही कादंबरी दिली आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविला. एकाच घरातून दोन भाषांना असे दोन चिंतनशील अध्यापक लाभावेत, हा योग विरळाच.

राजनांदगावचा विनोदकुमार शुक्ल नावाचा तरुण कविता घेऊन आला, तेव्हा मुक्तिबोधांनी त्या श्रीकांत वर्मांकडे 'कृति' मासिकासाठी धाडल्या, आणि त्या छापूनही आल्या. अशा या शिक्षकाच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. तो आघात त्यांच्या जिव्हारी लागला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला.