काचेच्या टाकीत मोरे ईल : कोणता, केवढा आणि ठेवावा का?

घरी किंवा शाळेत फिशटँक ठेवणाऱ्यांचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. आधी गप्पी आणि मोली, मग एंजल, आणि कधीतरी खाऱ्या पाण्याची टाकी. खाऱ्या पाण्यातले मासे विकणाऱ्या दुकानात गेले की एखाद्या टाकीत दगडाच्या फटीतून डोके बाहेर काढून बसलेला, तोंडाची सारखी उघडझाप करणारा, सापासारखा प्राणी दिसतो. हा मोरे ईल. तो पाहिला की मुले हमखास विचारतात, "सर, हा आपल्या टाकीत राहील का?"

'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येते, पण त्यात मुलांच्या हाती काही लागत नाही. या प्रश्नात थोडे जीवशास्त्र आहे, थोडे रसायनशास्त्र आहे आणि बरेचसे अंकगणित आहे. शिवाय एका जिवंत प्राण्याची पुढची दहा-बारा वर्षे या उत्तरावर अवलंबून आहेत. म्हणून आपण ते पायरीपायरीने शोधू या.

साप नव्हे, मासाच

मोरे ईलला छातीचे आणि पोटाचे पर नसतात, अंगावर खवले नसतात, आणि कल्ल्यांचे झाकण न दिसता डोक्यामागे फक्त एक लहानसे गोल छिद्र दिसते. त्यामुळे तो साप वाटतो. परंतु तो कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेल्या लांब पराच्या साहाय्याने पोहतो. कोकणच्या बाजारात येणारी वाम आणि नदीतला अहीर हे त्याचे दूरचे नातलग. मोरेंचे कुळ निराळे आहे आणि त्यात सुमारे २०० जाती आहेत. त्यातल्या बहुतेक उष्ण समुद्रातल्या खडकांत आणि प्रवाळांच्या कपारींत राहतात.

तोंडाची उघडझाप म्हणजे धमकी, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. कल्ल्यांवरून पाणी सतत वाहते ठेवण्याची ही त्याची रीत आहे. दात दिसतात म्हणून आपल्याला तो रागावलेला वाटतो. प्रत्यक्षात तो श्वास घेत असतो. त्याची नजर अधू असते, पण वास घेण्याची शक्ती फार तीक्ष्ण असते. नाकपुड्या नळीसारख्या पुढे आलेल्या असतात. ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

घशातला दुसरा जबडा

बहुतेक मासे तोंडाची पोकळी एकदम मोठी करतात आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतात. अरुंद फटीत राहणाऱ्या मोरेला डोके असे फुगवायला जागा कोठून मिळणार? कॅलिफोर्निया विद्यापीठातील रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात याचे उत्तर प्रसिद्ध केले. मोरेच्या घशात दातांचा दुसरा जबडा असतो. पुढच्या जबड्याने भक्ष्य पकडले की हा मागचा जबडा पुढे सरकतो, भक्ष्यात दात रुतवतो आणि त्याला अन्ननलिकेकडे ओढून नेतो.

या रचनेचा आणखी एक फायदा २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसला. स्नोफ्लेक जातीचे मोरे पाण्याबाहेर येऊन भक्ष्य पकडतात आणि पाण्याच्या मदतीशिवाय तेथेच गिळूही शकतात. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवरचे खेकडे पकडायला याचा उपयोग होत असणार. फिशटँक ठेवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की पाण्याचा पृष्ठभाग ही या प्राण्याची सीमा नव्हे!

आधी टाकीचे गणित

घरात 'लहान' म्हणतात ती टाकी साधारण ६० × ३० × ३० सेंटिमीटरची, म्हणजे दोन फुटी असते. तिचे आकारमान ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. तीन फुटी टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची धरली तर १८२ लिटर होतात. लांबी दीडपट झाली, पण पाणी तिपटीहून अधिक झाले.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १८२ लिटरसाठी जवळजवळ साडेसहा किलो क्षार लागतात. येथे घरातले मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे बरेच काही असते. त्यासाठी तयार मिश्रण विकत घ्यावे लागते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर प्रत्येक वेळी १८ लिटर पाणी आणि सुमारे ६३० ग्रॅम मिश्रण. हा खर्च वर्षभराचा करून पाहावा आणि मगच पुढे जावे.

टाकीतले पाणी उडून जाते तेव्हा फक्त पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून घटलेली पातळी भरताना गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे. ही चूक नवे लोक हमखास करतात आणि पाणी हळूहळू अधिकाधिक खारट होत जाते.

कोळंबीचा हिशेब

आता मोरे काय खातो ते पाहू. तो पूर्ण मांसाहारी आहे. समजा, एका वेळी आपण त्याला २० ग्रॅम कोळंबी दिली. कोळंबीत साधारण पाचवा हिस्सा प्रथिने असतात, म्हणजे ४ ग्रॅम. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ०.६४ ग्रॅम किंवा ६४० मिलिग्रॅम. यातला काही भाग वाढीसाठी वापरला जातो. पण मासे बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. सगळाच बाहेर पडला असे धरले तर तीन फुटी टाकीत लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅम नायट्रोजनाची भर पडते. तेच जेवण दोन फुटी टाकीत दिले तर ही भर सुमारे १२ मिलिग्रॅम होते.

अमोनिया माशांना विषारी आहे, आणि खाऱ्या पाण्यात तो अधिक विषारी ठरतो. गोड्या पाण्याचा सामू ७ च्या आसपास असतो, तर समुद्राच्या पाण्याचा ८.२ च्या आसपास. सामू वाढला की अमोनियम आयनाचे अमोनिया वायूत रूपांतर होण्याचे प्रमाण वाढते, आणि घातक असतो तो हा वायुरूप अमोनियाच. सामू ७ वरून ८.२ वर गेला की त्याचा हिस्सा दहापटीहून अधिक होतो.

निसर्गात हे विष जीवाणू संपवतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. टाकीतल्या फिल्टरमध्ये आणि दगडांवर हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मोरे सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय. उरलेला नायट्रेट पाणी बदलून काढावा लागतो.

ऑक्सिजनची बाजूही कमजोरच. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ७. तापमान वाढले की तो आणखी घटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी तिशीच्या पुढे सहज जाते, तर या माशाला २४ ते २७ अंश मानवतात. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवाच.

मग निवडावा कोणता?

दुकानातला मोरे बहुधा पिल्लू असतो. फूटभर लांबीचा मासा पाहून 'मावेल' असे वाटते. परंतु आकार तसाच राहून लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते. म्हणून आजची लांबी न विचारता पूर्ण वाढीची लांबी विचारावी.

राक्षसी मोरे (जिम्नोथोरॅक्स जाव्हॅनिकस) तीन मीटरपर्यंत वाढतो. त्याचे पिल्लू कितीही गोंडस दिसले तरी घरच्या टाकीसाठी ते बाद. झेब्रा मोरे (जिम्नोम्युरीना झेब्रा) स्वभावाने शांत, पण दीड मीटरपर्यंत वाढणारा. निळा-पिवळा रिबन ईल (ऱ्हायनोम्युरीना क्वीसिटा) दिसायला सर्वांत सुंदर. लहानपणी काळा, नर झाल्यावर निळा आणि पुढे मादी झाल्यावर पिवळा, असे त्याचे रंग बदलतात. पण टाकीत आणल्यावर तो बहुधा खाणेच सोडतो आणि उपासमारीने मरतो. ज्या प्राण्याचा शेवट असा होण्याचा संभव अधिक, तो विकत घेऊ नये हे बरे.

'गोड्या पाण्याचा स्नोफ्लेक' या नावाने एक मासा विकला जातो. त्यापासून विशेष सावध राहावे. हा जिम्नोथोरॅक्स टाइल. बंगालच्या खाड्यांतून तो फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याचे वर्णन हॅमिल्टन यांनी १८२२ साली केले. तो खाडीतला, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातला मासा आहे. गोड्या पाण्यात तो काही काळ तग धरतो, पण दीर्घकाळ निरोगी राहत नाही.

उरले दोन उमेदवार. पहिला स्नोफ्लेक मोरे (एकिडना नेब्युलोसा). पांढऱ्या अंगावर काळे तारकाकृती ठिपके आणि त्यांत पिवळे टिपके. निसर्गात तो एक मीटरपर्यंत आढळतो, टाकीत सहसा दोन-अडीच फुटांचा होतो. तो मुख्यतः खेकडे, कोळंब्या खातो. त्यासाठी त्याचे दात बोथट असतात. तो खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही, आणि नीट राखल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला तीन फुटी टाकी ही कमीत कमी जागा; चार फुटी असेल तर उत्तम. दुसरा सोनेरी बुटका मोरे (जिम्नोथोरॅक्स मेलाट्रेमस). पूर्ण वाढ झाल्यावरही तो जेमतेम २५-२६ सेंटिमीटरचा. आकाराने तो लहान टाकीला योग्य, पण क्वचितच मिळतो आणि महाग असतो.

दोन फुटी टाकीसाठी, नेहमी मिळणाऱ्या जातींपैकी, आमचे उत्तर 'एकही नाही' असेच आहे.

घेताना आणि पाळताना

दुकानदाराला आपल्यासमोर त्याला खायला घालायला सांगावे. खात नसेल तर घेऊ नये. पेन्सिलीएवढ्या बारीक पिल्लापेक्षा फूटभर लांबीचा मासा अधिक टिकतो. अंगावर जखमा किंवा पांढरे चट्टे नसावेत. घरी आणल्यावर आठ-पंधरा दिवस तो खाल्ल्याशिवाय राहू शकतो; घाबरून जाऊ नये.

टाकीत दगडांच्या कपारी किंवा जाड प्लॅस्टिक पाइपचे तुकडे द्यावेत. दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकवावेत, नाहीतर वाळू उकरताना ते मोरेच्याच अंगावर कोसळतात. मात्र सजावटीसाठी समुद्रातून प्रवाळ काढून आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून कठीण प्रवाळांना संरक्षण दिले आहे.

आठवड्यातून दोन-तीनदा कोळंबी, माकूल किंवा समुद्री माशाचे तुकडे द्यावेत. गोल्डफिश खायला घालू नयेत. त्यांच्या शरीरात ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते. टाकीत इतर कोळंब्या किंवा खेकडे ठेवले तर ते त्याचे जेवणच होतील.

खाणे नेहमी लांब चिमट्याने द्यावे. नजर अधू आणि नाक तीक्ष्ण असल्यामुळे कोळंबीचा वास लागलेले बोट आणि कोळंबी यांत त्याला फरक कळत नाही. मोरेच्या चाव्याच्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावेच. शाळेत टाकी असेल तर मुलांनी पाण्यात हात घालायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

आणि झाकण! टाकीत पाळलेले मोरे मरण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे रात्री टाकीबाहेर पडून वाळून जाणे. नळीसाठी ठेवलेल्या लहानशा फटीतूनही तो निसटतो. झाकण घट्ट बसणारे हवे, त्यावर वजन हवे आणि प्रत्येक फट जाळीने बंद हवी.

तो येतो कोठून?

गप्पी टाकीत पिल्ले देतात, मोरे देत नाहीत. त्याच्या अंड्यातून पानासारखी चपटी, पारदर्शक अळी बाहेर येते आणि ती महिनोन्‌महिने खुल्या समुद्रात तरंगत वाढते. टाकीत हे साधणे फार अवघड. म्हणून विकायला येणारा जवळजवळ प्रत्येक मोरे समुद्रातून पकडलेला असतो. आपण एक विकत घेतो तेव्हा समुद्रातून एक कमी होतो, आणि वाटेत मेलेल्यांची गणती वेगळीच. पुढे कंटाळा आला म्हणून त्याला खाडीत सोडून देणे हाही उपाय नव्हे. तो कोठल्या समुद्रातला आणि बरोबर कोणते रोग घेऊन आलेला, हे आपल्याला ठाऊक नसते.

म्हणून तीन गोष्टी जमत असतील तरच स्नोफ्लेकचा विचार करावा : किमान तीन फुटी जुनी, स्थिरावलेली टाकी, सुट्टीतही पाणी बदलणारे कोणीतरी, आणि दहा वर्षांची तयारी. मे महिन्यात कुलूप लागणाऱ्या शाळेने दुसऱ्या अटीपाशीच थांबावे.

वर्गात करून पाहा

१. तुमच्या शाळेतील टाकी मोजा. तिच्यात किती लिटर पाणी मावेल, किती क्षार लागतील आणि वर्षाचा खर्च किती होईल ते काढा.

२. वरील कोळंबीचे गणित तुमच्या टाकीसाठी करा. आठवड्यातून तीनदा खाणे दिले तर महिन्यात किती नायट्रोजन पाण्यात येईल?

३. दोन सारख्या बशांत समान खारे पाणी घ्या. एकीतील उडालेले पाणी रोज गोड्या पाण्याने भरा, दुसरीतील खाऱ्या पाण्याने. दोन आठवड्यांनी दोन्हींतले पाणी पूर्ण वाळू द्या आणि मागे राहिलेल्या मिठाचे वजन करा.

४. सहलीला कोकणात गेलात तर ओहोटीच्या वेळी, स्थानिक माहीतगाराला बरोबर घेऊन, खडकांतल्या डबक्यांचे निरीक्षण करा. कपारीत हात मात्र घालू नका.