कासवांचा खर्च कोणी सोसायचा?

एकाच वस्तूच्या दोन किमती पाहावयाच्या असतील, तर मंडणगड तालुक्यातील वेळास गावी जावे. नाना फडणविसांच्या या गावाच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, वाळूत हातभर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रास मिळते. ही अंडी पूर्वी माणसे खणून नेत. उरलेली कोल्हे-कुत्रे फस्त करीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव असूनही कासवास त्याचा उपयोग नव्हता.

2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना हाताशी धरून अंडी कुंपणात सुरक्षित पुरण्याचे काम आरंभिले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले पाहण्यास शहरातील मंडळी येऊन गावकऱ्यांच्या घरी उतरू लागली आणि खाऊन संपणाऱ्या अंड्यापेक्षा उबणारे अंडे किफायतशीर ठरले. इथवरची कथा गोड आहे, आणि ती सांगणारेही पुष्कळ आहेत.

परंतु हजार पिल्लांतून एखादेच प्रौढ होते असा अंदाज आहे. म्हणजे जाळ्यात गुदमरून मेलेली एक मादी दहा घरट्यांचे श्रम वाया घालविते. तिला सोडवावयाचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते, आणि जाळे हे मच्छीमाराचे भांडवल. कूर्मावतारास तो हात जोडीलही. पण श्रद्धेने कर्जाचे हप्ते फिटत नाहीत. ज्याच्या घरी पाहुणा उतरत नाही, त्याने हे नुकसान का सोसावे? महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये अशा जाळ्यासाठी कमाल 25,000 रुपये भरपाई ठरविली, हे तत्त्वतः योग्यच झाले. मात्र जाळे दुरुस्त होईतो होडी किनाऱ्यास बसून राहते. ते बुडालेले दिवसही हिशेबात धरले पाहिजेत.

ट्रॉलरच्या जाळ्यातून कासवास बाहेर पडण्याची वाट ठेवणारे साधन कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केले आहे. त्या वाटेने थोडी मासळीही निसटते, म्हणून ते बसविण्यास नाखुशी. या साधनाच्या अभावी अमेरिकेने 2019 मध्ये भारतीय समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली, तेव्हा ही काटकसर किती महाग पडते ते दिसले. साधनाचा खर्च आणि निसटणाऱ्या मासळीची भरपाई निर्यातीच्या उत्पन्नातून वळती करावी. नौकामालक व खलाशी यांच्याच माथी ती मारू नये.