रामपुरी दिसला की पोलीस धरतात, मग इंग्लंडमध्ये 'जंटलमन्स नाइफ' खिशात कसा चालतो?

चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी सिनेमा येतो. बटण दाबलं की खटकन उघडणारा रामपुरी आणि समोर घाम फुटलेला माणूस. १९६५ सालच्या 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूवाला डायलॉग तर आजही लोकांना पाठ आहे.

पण इंग्लंडमध्ये याच चाकूचा एक सभ्य भाऊ आहे. बोटाएवढा, शिंपल्याची किंवा शिंगाची मूठ असलेला, कोटाच्या खिशात सहज मावणारा. पत्राचं पाकीट फोडायचं, सफरचंद कापायचं, पेन्सिलीला टोक काढायचं, एवढंच त्याचं काम. याला म्हणतात जंटलमन्स पॉकेट नाइफ. लोक तो हौसेने जमवतात, जपतात आणि कायद्यात राहून खिशात घेऊन फिरतातही.

हे कसं काय जमलं? त्यासाठी आधी शेफिल्डला जावं लागेल.

शेफिल्ड आणि चाकू

उत्तर इंग्लंडमधलं शेफिल्ड हे कित्येक शतकं चाकू-सुऱ्यांचं गाव. नद्यांच्या पाण्यावर फिरणारे धारेचे दगड इथे होते. १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून इथल्या कारागिरांची कंपनी स्थापन केली. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची पद्धत आणली आणि शेफिल्डच्या पात्याला तोड राहिली नाही.

तेव्हा लिहायला पिसाची लेखणी असायची. आपल्याकडे बोरूला जसं चाकूने टोक काढायचे, तसंच तिकडे पिसाला. त्यामुळे लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात छोटा चाकू आला. 'पेननाइफ' हे नाव तिथूनच पडलं.

पुढे लेखणी गेली, पण चाकू राहिला. तो प्रतिष्ठेची वस्तू झाला होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जोसेफ रॉजर्स कंपनीने तब्बल ७५ पाती आणि अवजारं असलेला 'नॉरफोक नाइफ' मांडला. तो आजही शेफिल्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे.

या चमकेची किंमत मात्र कामगारांनी मोजली. पाती घासताना उडणारी दगडाची धूळ छातीत जायची आणि माणसं तरुणपणीच दगावायची. तिथे याला 'ग्राइंडर्स अस्थमा' म्हणत. आज आपण त्याला सिलिकोसिस म्हणतो.

हा चाकू रामपुरीपेक्षा वेगळा कसा?

खरा फरक त्याच्या मर्यादांमध्ये आहे. रामपुरी एका हाताने, एका क्षणात उघडतो आणि उघडा राहतो. जंटलमन्स नाइफला दोन हात लागतात. पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून ते ओढावं लागतं.

आत लॉक नसतं. मुठीच्या पाठीला एक पोलादी स्प्रिंग असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते आणि त्या जोरावर पातं उघडं राहतं. उलट्या बाजूने दाब दिला की ते मिटतं. म्हणजे याने भोसकायला गेलं तर पातं स्वतःच्याच बोटांवर मिटण्याची शक्यता जास्त.

गंमत म्हणजे ब्रिटिश कायद्याने नेमकी हीच गोष्ट पकडली. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या कलम १३९ नुसार सबळ कारण नसताना सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगणं गुन्हा आहे. सूट आहे ती फक्त मिटणाऱ्या खिशातल्या चाकूला, तीही धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर. लॉक असलेला चाकू या सुटीत बसत नाही, हे कोर्टाने स्पष्ट केलं.

थोडक्यात, हळू उघडतो आणि पक्का बसत नाही, म्हणून तो खिशात राहू शकला. आणि हो, याच चाकूने कुणाला धमकावलं तर ही सूट कामाला येत नाही.

जमवणारे काय बघतात?

सगळ्यात आधी पात्याच्या बुडावरचा शिक्का. त्यावर कारखान्याचं नाव असतं. १८९० च्या अमेरिकन मॅकिन्ले टॅरिफनंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकावं लागायचं. त्यामुळे 'इंग्लंड' हा शब्द आहे की नाही, यावरूनही वयाचा अंदाज बांधतात.

मग पात्याची रुंदी. वारंवार धार लावून पातं झिजलेलं असेल तर किंमत उतरते. उघडताना आणि मिटताना खणखणीत 'टक' आवाज यायला हवा, नाहीतर स्प्रिंग ढिली झालेली असते.

मुठीबाबत सावध राहावं लागतं. जुन्या शेफिल्ड चाकूंना आपल्याकडच्या सांबराच्या शिंगाच्या मुठी असायच्या. आज भारतात सांबराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याच्या शिंगाचा व्यापार चालत नाही. हस्तिदंती मुठींच्या खरेदी-विक्रीवर ब्रिटनमध्येही २०२२ पासून जवळपास बंदी आहे.

हाताने असे चाकू बनवणारे आता मोजकेच उरलेत. वयाच्या चौदाव्या वर्षी कामाला लागलेले शेफिल्डचे नामवंत कारागीर स्टॅन शॉ २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी गेले.

धार कशी लावतात?

मोटरच्या चाकावर तर अजिबात नाही. पातं तापलं की पोलादाचा कडकपणा जातो. जपणारे लोक पाण्याचा दगड वापरतात. आधी १००० ग्रिट, मग ३००० च्या पुढचा. पातं दगडाशी साधारण १५ ते २० अंशांत धरायचं आणि कोन बदलू द्यायचा नाही. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर जाणवली की बाजू बदलायची. शेवटी न्हाव्यासारखं चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढायचं.

जुनं कार्बन स्टील लिंबू कापल्यावर काळपट पडतं. ते पुसून कोरडं करायचं आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडायचा.

भारतात असा चाकू बाळगता येतो का?

शस्त्र नियम, २०१६ नुसार पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल, तर तो चाकू शस्त्रांच्या यादीत येतो. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामाची हत्यारं यातून वगळली आहेत. त्या हिशोबाने छोटा पॉकेट नाइफ सुटतो.

पण महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात. असा आदेश लागू असेल तर चाकूच काय, काठी बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. सणासुदीला, निवडणुकीच्या आसपास असे आदेश हमखास निघतात. शिवाय विमानात हा चाकू हँडबॅगेत चालत नाही, तो चेक-इन बॅगेतच टाकावा लागतो.

त्यामुळे रील बघून ऑनलाइन चाकू मागवायचा विचार असेल, तर आधी तो कसा उघडतो ते बघा. बटणाने उघडणारा घेतला तर पोलिसांना तो सफरचंद कापायला आणलाय हे पटवणं अवघड जाईल. नखाने उघडणारा घेतला तरी गर्दीत, मिरवणुकीत न नेता घरीच ठेवलेला बरा.