सी-व्ह्यू मिळतो तिकीट काढून!

मुंबईत 'सी-फेसिंग' हा शब्द निघाला की ब्रोकरचा आवाज गोड होतो आणि आपला चेहरा पडतो. हाँगकाँगमध्येही तेच, फक्त आकड्यापुढची शून्यं जास्त. २०२१च्या जनगणनेनुसार तिथे माणशी साधारण १६ चौरस मीटर घर वाट्याला येतं. चाळीतली एक बऱ्यापैकी खोली समजा. अशा शहरात पाण्याकाठी राहणं म्हणजे निव्वळ चैन. पण एका प्रोजेक्टसाठी ऑफिसने सहा आठवडे पाठवलं आणि राहायला केनेडी टाउनमधला सर्व्हिस्ड अपार्टमेंट दिला. बाविसावा मजला, समोर समुद्र! बेडवर बसून हात लांब केला की थेट ओट्यावरचा चहाचा कप हाती यावा, एवढंच ते घर. पण खिडकी? आहाहा!

केनेडी टाउन हे हाँगकाँग बेटाचं पश्चिम टोक. १९०४ पासून धावणारी, आता डबलडेकर असलेली ट्राम इथे येऊन थांबते. तिच्या घंटीवरून लोक तिला 'डिंग डिंग' म्हणतात. खिडकीतून कंटेनरची जहाजं दिसायची आणि त्यांच्यामधून लगबगीने जाणाऱ्या छोट्या फेरीबोटी. या एवढ्या बोटी जातात तरी कुठे? टीममधल्या एका स्थानिक सहकाऱ्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "त्यातल्या एकीने मी रोज घरी जातो."

बोट हीच लोकल

सेंट्रल हे तिथलं नरिमन पॉइंट. तिथून चालत गेलं की समुद्रावर ओळीने नंबर लावलेले धक्के लागतात. चार नंबरवरून लामा, पाचवरून चेउंग चाउ, सहावरून पेंग चाउ. अगदी आपल्या प्लॅटफॉर्मसारखं. १९९७ पासून चालणारं ऑक्टोपस कार्ड टेकवायचं आणि आत जायचं. ट्रेन, ट्राम, बस, बोट, सगळ्याला एकच कार्ड. शुक्रवारी संध्याकाळी टाय सैल करून माणसं सीटवर कोसळतात आणि पाच मिनिटांत घोरायला लागतात. बाहेर जगातली सगळ्यात महागडी स्कायलाइन सरकत असते, आणि तिच्याकडे बघतोय कोण? फक्त मी!

सात नंबरच्या धक्क्यावरची स्टार फेरी तर आपल्या जवळची. समोरच्या काउलूनला आठ-दहा मिनिटांत पोचवणाऱ्या या हिरव्या-पांढऱ्या बोटींची सुरुवात दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने केली. १८५२ मध्ये हा पठ्ठ्या मुंबईहून जहाजात लपून आला, असं सांगतात. पुढे १८८८ साली त्याने काउलून फेरी कंपनी काढली. तिचंच १८९८ मध्ये 'स्टार फेरी' झालं. समुद्रावरून लोकांची रोजची ने-आण करायचा धंदा मुंबईकराने तिथे जाऊन उभा केला, आणि आपण मात्र आजही गेटवेवरून घारापुरीला जातो ते पाहुणे आले तरच!

लामा : तीन धुरांडी आणि चप्पल

लामा अर्ध्या तासावर. युंग शू वानला उतरलात की पहिली गोष्ट जाणवते ती शांतता, कारण इथे मोटारीच नाहीत. सामान वाहायला रिक्षापेक्षा लहान गाड्या फटफटत जातात, तेवढंच. घरं तीन मजल्यांच्या वर नाहीत. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मधला चाउ युन-फॅट याच बेटावर १९५५ साली जन्मला.

इथून डोंगरावरून सोक क्वू वान गावापर्यंत सिमेंटची पायवाट जाते. दीड-दोन तास आरामात. ट्रेकिंग शूज घालून मिरवू नका, आज्ज्या चपला घालून पुढे निघून जातात. शेवटी सोक क्वू वानला पाण्यावर बांधलेली सीफूड हॉटेलं. टाकीतला जिवंत मासा बोटाने दाखवायचा आणि बसून वाट बघायची. दिवसाचं सार्थक!

वाटेत हुंग शिंग ये नावाचा झक्कास बीच लागतो आणि त्याच्या शेजारीच पॉवर स्टेशनची तीन अजस्र धुरांडी. 'अरेरे, व्ह्यूची वाट लावली' असं तोंडातून निघतंच. पण १९८२ पासून हाँगकाँग बेटाला वीज पुरवणारं स्टेशन ते हेच. म्हणजे माझ्या बाविसाव्या मजल्यावरचा एसी आणि सेंट्रलचा तो झगमगाट, दोन्ही इथूनच चालत होतं. शहराला दिवे आणि बेटाला धुरांडी, अशी ही वाटणी.

चेउंग चाउ : पावाची दहीहंडी

चेउंग चाउला गर्दी जास्त, कारण वीसेक हजार लोकांचं हे गजबजलेलं कोळीगाव आहे. फास्ट फेरीने पस्तीस मिनिटं, साध्या बोटीने तासाला थोडं कमी. मी साधीच घ्यायचे, कारण तिच्यात डेकवर वारा खात उभं राहता येतं. हाँगकाँगला १९९६ मध्ये पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारी विंडसर्फर ली लाय-शान इथेच वाढली.

इथला बन फेस्टिव्हल चिनी चौथ्या महिन्यातला, म्हणजे बहुतेक मे महिन्यातला. बेटावर रोगराई आली तेव्हा पाक ताइ देवाला साकडं घातलं, त्याची ही आठवण. तीन दिवस बेट चक्क शाकाहारी. मॅकडोनल्ड्ससुद्धा! श्रावणात आपल्या खानावळी पाळत नाहीत एवढं हे लोक पाळतात. मध्यरात्री पावांनी मढवलेल्या १४ मीटर उंच मनोऱ्यावर चढायचं आणि तीन मिनिटांत जमेल तेवढे पाव ओढायचे. जितका पाव वरचा, तितके गुण जास्त. १९७८ मध्ये मनोरा कोसळून लोक जखमी झाले आणि चढण्यावर बंदी आली. २००५ मध्ये लोखंडी सांगाडा, दोर आणि आधी ट्रेनिंग अशा अटींवर ती उठली. आपल्याकडे थरांवरून कोर्टात भांडणं झाली, तेव्हा मला याची आठवण यायची. सण बंदही पडला नाही आणि जीवही गेले नाहीत, असा मधला रस्ता निघतो.

पेंग चाउ : पुढचं पाणी कुणाचं?

तिसरं बेट सगळ्यात छोटं, जेमतेम एक चौरस किलोमीटर. एकेकाळी इथे काड्यापेट्यांचा मोठा कारखाना होता. आता म्हातारे पत्ते खेळतात आणि मांजरं झोपतात. फिंगर हिल ही ९५ मीटरची टेकडी चढा, खाली सगळा समुद्र दिसतो.

तोच समुद्र वादात आहे. इथून जवळच काउ यी चाउभोवती सुमारे १,००० हेक्टर भराव घालून नवी बेटं उभारायची योजना सरकारने पुढे आणली. मूळ घोषणा २०१८ची. घरं हवीत हे खरंच, माणशी १६ मीटरवाल्यांना ते वेगळं सांगायला नको. पण विरोध करणारे म्हणतात, एवढा पैसा आणि एवढं पाणी घालवायचं कशासाठी? २०२५ मध्ये सरकारने दुसऱ्या प्रकल्पांना अग्रक्रम देत हे काम मागे ठेवलं. भरावाचं दुःख या शहराला नवं नाही. २००६ मध्ये भरावासाठीच स्टार फेरीचा जुना धक्का आणि त्याचं घड्याळाचं टॉवर पाडलं, तेव्हा तरुण मुलं त्यासाठी उपोषणाला बसली होती. 'रेक्लमेशन' हा बसस्टॉप असलेल्या शहरातून आलेल्या मला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

घर विकत घेणाऱ्याला समुद्र खिडकीपुरता मिळतो, आणि समोर नवा टॉवर उठेपर्यंतच. बोटीत बसणाऱ्याला तो रोज मिळतो. मॅनेजरला आणि भाजीवालीलाही, एकाच तिकिटात. म्हणून तर पाणी आहे तोवर या बोटी महत्त्वाच्या.

निघण्यापूर्वी

• फ्लॅट : २८ दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर विनालायसन्स फ्लॅट भाड्याने देणं तिथे बेकायदा आहे. स्वस्त दिसला म्हणून भुलू नका. आठवड्यासाठी हॉटेल किंवा लायसन्सवालं गेस्टहाउस बघा.

• कधी : ऑक्टोबर ते डिसेंबर बेस्ट. उन्हाळ्यात टायफून आलं की फेऱ्या बंद.

• वार : रविवारी सगळं शहर बेटांवर लोटतं आणि भाडंही जास्त. रजा टाकून मधल्या वारी जा.

• परतीची बोट : वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. बेटावर टॅक्सी नाही!

• सुरक्षा : १ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री लामाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन ३९ जण गेले. त्यानंतर नियम कडक झाले. तरी बसल्यावर पहिल्यांदा लाइफजॅकेट कुठे आहे ते बघा, मग मोबाइल काढा.