वेळ साठवणारी तबकडी

नालासोपाऱ्याच्या रेल्वे पुलावरून इमारतींच्या गच्च्या पाहाव्यात. शेकडो छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. घरोघरी वाहिन्या पोचवणारे आपले उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या पाठवणारा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर वसई ७३ अंशांच्या जरा अलीकडे. मात्र छत्रीने झेललेले चित्र पुढे घरात किती दिवस टिकते, हे खाली टीव्हीजवळच्या डब्यातली हार्ड डिस्क ठरवते.

वसई-विरारला या डिस्कचे मोल वेगळे आहे. विरार ते चर्चगेट अंतर साधारण ६० किलोमीटर. उजाडताच लोकल गाठणारा माणूस घरी परततो तेव्हा साडेआठची मालिका संपलेली असते. म्हणून निघताना 'रेकॉर्डिंग लावून ठेव' हे सांगणे 'छत्री घेतलीस का' इतकेच सहज होऊन गेले.

जगात ही सोय १९९९ मध्ये टिवो आणि रिप्ले टीव्ही या यंत्रांनी आणली. भारतात २००८ साली टाटा स्काय प्लस आला आणि चालू कार्यक्रम थांबवून पाणी पिऊन यायचे, ही कल्पना घरात शिरली. व्हीसीआरच्या काळी कॅसेट भरली की दुसरी घालावी लागे. आता जागा गिगाबाइटमध्ये मोजायची.

त्यातले गणित फार सुंदर आहे. डबा स्वतः चित्र बनवत नाही. चित्र उपग्रहावरूनच आकड्यांत दाबून, घडी घालून आलेले असते. डबा तो प्रवाह जसाच्या तसा तबकडीवर उतरवतो, म्हणून रेकॉर्डिंगचा दर्जा मूळ प्रक्षेपणाइतकाच राहतो. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४० लाख बिट धरला, तर तासाला १.८ गिगाबाइट लागतात. एचडीला ८० लाख बिट धरले, तर ३.६. या हिशेबाने ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर साध्या वाहिनीचे सुमारे २७८ तास मावतात, एचडीचे त्याच्या निम्मे. एक टेराबाइटची डिस्क जोडली, तर अर्ध्या तासाच्या मालिकेचे अकराशे भाग बसतात. आठवड्यातून सहा दिवस चालणारी मालिका साडेतीन वर्षे सलग साठवता येते! आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. त्या अजस्र यंत्रावर आपली ही मालिका जेमतेम साडेसात सेकंद मावली असती.

जागा वाढवायची म्हणजे बहुतेक वेळा डब्याच्या मागच्या यूएसबी खाचेत बाहेरची डिस्क जोडायची. सगळ्याच डब्यांत ही सोय नसते; काहींत खाच असूनही रेकॉर्डिंगसाठी ती बंद ठेवलेली असते. वेग इथे अडत नाही. यूएसबी २.० ची वहनक्षमता सेकंदाला ४८ कोटी बिटांची आहे, प्रवाहाच्या कितीतरी पट. अडते ते विजेवर. त्या खाचेतून ठरल्याप्रमाणे अर्धा अँपिअर मिळतो, आणि स्थिर तबकडीला फिरवायला सुरुवातीच्या क्षणी अनेकदा त्याहून जास्त लागतो. मग डिस्क टकटक करते आणि डबा तिला ओळखतच नाही. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क घ्यावी. पेनड्राइव्ह स्वस्त पडतो, पण सतत लिहिण्या-पुसण्याने लवकर झिजतो.

डिस्क पहिल्यांदा जोडताना बहुतेक डबे ती फॉरमॅट करायला सांगतात. लग्नाचे फोटो असलेली डिस्क तिथे कधीही लावू नये. शिवाय पैसे भरून घेतलेल्या वाहिन्यांचे रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच डब्यात राहते. डिस्क काढून संगणकाला लावली, तर काही दिसत नाही. डबा बिघडून बदलला, तर डिस्क शाबूत असूनही जुने भाग गेले. हे मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण माणूस डिस्कवर विसंबून महिनोन्‌महिने साठवत राहतो. खुल्या, मोफत वाहिन्यांचे रेकॉर्डिंग मात्र कित्येक साध्या डब्यांतून संगणकावरही चालते.

फिरणारी तबकडी ही नाजूक वस्तू. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०, आणि वाचणारे टोक पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. सर्वसाधारण डिस्कच्या पेटीला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेले बारीक छिद्र असते. अर्नाळा-राजोडीच्या किनाऱ्यावरची दमट, खारी हवा त्या छिद्राच्या जवळच असते. म्हणून डिस्क खिडकीपाशी किंवा गरम डब्याच्या डोक्यावर ठेवू नये. लिहिता लिहिता लाइट गेली, तर चालू भागाबरोबर कधी रेकॉर्डिंगची पूर्ण यादीही बिघडते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले आणि वीज खंडित झाली, तेव्हा रेकॉर्डिंगची कोणाला शुद्ध असणार? पण एरवीच्या रोजच्या खंडांसाठी डबा आणि डिस्क दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावीत.

पावसावर मात्र इन्व्हर्टर चालत नाही. छत्री झेलते त्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. मुसळधार सरीतले थेंब त्या शोषतात, विखुरतात. मग डबा हाती येईल तेवढेच लिहितो. रात्री उशिरा भाग लावला, की मधली काही मिनिटे चित्र चौकोनांत फुटते, आवाज तुटतो, आणि लोकलमध्ये दाराशी उभे असताना आपल्याला ज्या सरीने भिजवले, ती विरारच्या आकाशातून नेमकी किती वाजता गेली ते पडद्यावर दिसते.